शिक्क्याची गाडी

किंमत वाचल्यावर मी आधी चष्मा पुसला. २०२० ची रॉयल एनफील्ड, साडेसहाशे सीसी, मीटरवर जेमतेम चार हजार मैल, आणि मागताहेत चोवीसशे डॉलर. आमच्या डलासजवळच्या प्लेनोत तशीच गाडी चार हजारांच्या खाली द्यायला कुणी तयार नव्हतं. फोटो सगळ्या बाजूंनी काढलेले, उन्हात, नीट. जाहिरातीच्या तळाशी मात्र दोन शब्द होते: सॅल्व्हेज टायटल.

"म्हणजे भंगार," नवरा म्हणाला. त्याने मान वर करूनही पाहिलं नाही.

मोटरसायकलचं खूळ माझं जुनं. सांगलीत बाबांची बजाज एम-एटी होती, हँडलवर गिअर असलेली. हरिपूरच्या रस्त्यावर बाबांनी मला ती शिकवली आणि मला नीट चालवता यायला लागल्यापासून आईने किल्ली लपवायला सुरुवात केली. पुढे मला बुलेट घ्यायचीय म्हटलं की घरात सगळे हसायचे, मीसुद्धा. टेक्सासमध्ये आल्यावर वीस वर्षं मिनीव्हॅनमध्ये गेली. मुलगी कॉलेजला गेली तशी मिनीव्हॅन विकली, दोन दिवसांचा कोर्स केला आणि लायसन्सवर मोटरसायकलचा एम चढवून घेतला. आता गाडी हवी होती, आणि घरच्या हिशेबात न डोकावता खर्च करता येतील असे माझ्याकडे तीन हजार डॉलर होते.

आपल्याकडे आरसी बुक म्हणजे सगळं काही: गाडी कुणाची, कुठे पासिंग झाली, कर्जाचा बोजा आहे का. अमेरिकेत मालकीचा कागद वेगळा. तो टायटल. रजिस्ट्रेशन दरवर्षी बदलतं, टायटल गाडीबरोबर मालकाकडून मालकाकडे जातं. आणि त्या कागदावर राज्य सरकार शिक्का मारू शकतं. पुरात बुडाली, विमा कंपनीने टोटल लॉस म्हणजे दुरुस्त करणं परवडत नाही अशी धरली, मीटर मागे फिरवला, असे शिक्के. एकदा बसला की सहसा पुसत नाही. पूर्वी लोक गाडी तीन-चार राज्यांतून फिरवून आणायचे. प्रत्येक राज्याचा नियम निराळा, त्यामुळे कुठेतरी नवीन टायटल निघताना शिक्का गळून पडायचा. याला इथे टायटल धुणं म्हणतात. ते थांबावं म्हणून १९९२ च्या वाहनचोरीविरोधी कायद्यात सगळ्या राज्यांची टायटलं एका राष्ट्रीय यंत्रणेत जोडायचं ठरलं. विमा कंपन्या आणि भंगारवाल्यांना त्यात नोंद देणं सक्तीचं व्हायला मात्र २००९ साल उजाडलं. मी त्या यंत्रणेचा अहवाल थोडेसे डॉलर भरून मागवला. त्यातही तेच: ओक्लाहोमा, सॅल्व्हेज, विमा कंपनी. कुठल्याही गाडीच्या बाबतीत एवढा खरा कागद मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेत होते.

पण तो खरं काय सांगतो, हे समजायला मला दोन रात्री लागल्या.

शिक्का मारताना चासी वाकलीय का, इंजिनला तडा गेलाय का, हे राज्य बघत नाही. दुरुस्तीचा खर्च आणि गाडीची अपघाताआधीची किंमत यांचा भागाकार होतो. ओक्लाहोमात दहा वर्षांच्या आतल्या गाडीचा खर्च किमतीच्या ६० टक्क्यांवर गेला की सॅल्व्हेज. टेक्सासच्या व्याख्येत खर्च किमतीपेक्षा जास्त व्हावा लागतो, म्हणजे १०० टक्क्यांच्या वर, आणि त्यात रंगकामाचा खर्च धरायचा नाही. समजा गाडी चार हजारांची आणि बिल तीन हजारांचं. दोन राज्यांच्या मधल्या रेड रिव्हरच्या पलीकडे, ओक्लाहोमात, ती सॅल्व्हेज, अलीकडे नाही. तोच पोचा, तीच टाकी, मध्ये एक नदी. डलासहून ती नदी सव्वा तासावर आहे आणि पुलावरून जाताना बहुतेकदा तिच्यात पाण्यापेक्षा तांबडी वाळूच जास्त दिसते.

त्यात मोटरसायकल टोटल व्हायला वेळ लागत नाही. कारचा बंपर मार खाऊन घेतो. मोटरसायकलचं सगळंच बाहेर. उभ्या जागी आडवी झाली तरी टाकी, हँडल, आरसा, लिव्हर, इंडिकेटर, सायलेन्सर एका बाजूने जातात, आणि शोरूमच्या वर्कशॉपमध्ये मजुरी तासावर. महागड्या गाडीला हे पचतं. ही गाडी इथे आली तेव्हा नवीनच ५,७९९ डॉलरला होती. इंटरसेप्टर हे नाव अमेरिकेत होंडाकडे असल्यामुळे ती इथे आयएनटी साडेसहाशे या नावाने विकतात, नाव निम्मं ठेवून आलेली. स्वस्त गाडीवर महाग मजुरी चढली की भागाकार लगेच शंभराकडे पळतो. शिक्का वाचून घाबरायचं कारण नाही, एवढं मी स्वतःला पटवलं. मला हवं ते स्वतःला पटवण्यात मी पहिल्यापासून हुशार आहे.

दादाला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, शिक्का मारून विकतायत ना? आपल्याला कुणी मारून दिला होता?"

तो कशाबद्दल बोलत होता ते मला कळलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५. मी इथे फोनवर बातम्या बघत बसले होते. आमच्या गल्लीत पाणी पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत आलं. पाणी उतरल्यावरचे फोटो दादाने पाठवले, त्यात माणसं कमी आणि मोटरसायकली जास्त. आमच्या मिस्त्रींच्या दुकानासमोर रस्त्याच्या कडेने रांग, सगळ्या एका रंगाच्या, चिखलाच्या. मिस्त्री प्रत्येकीच्या इंजिनाचा खालचा नट काढायचे आणि त्यातून ऑईल यायचं ते दुधाच्या चहासारखं. पाणी आणि ऑईल घुसळलं की तसं होतं. डिझेलने धुवायचं, नवीन ऑईल घालायचं, पाच मिनिटं चालवायचं, पुन्हा काढायचं. तिसऱ्या वेळी ऑईल ऑईलसारखं दिसलं तर गाडी वाचली.

ज्यांचा नुसता थर्ड पार्टी विमा होता त्यांना काहीच मिळालं नाही. ज्यांचा फुल होता त्यांचा सर्व्हेअर आला. आपल्याकडे दुरुस्ती गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेली की टोटल लॉस धरतात. आयडीव्ही दरवर्षी घसरते, चार ते पाच वर्षांच्या गाडीला निम्मी उरते, त्यामुळे जुन्या गाड्या पटापट टोटलमध्ये गेल्या. पैसे मालकाला, आणि सांगाडा बोली लावणाऱ्याला. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी असं मोटार वाहन कायद्यात आहे. पण धुवून-पुसून चालू होणारी गाडी निकामी कशी म्हणायची? ती टेंपोत चढते आणि दुसऱ्या गावाला जाते. आरसीवर पुराचा रकानाच नसतो.

त्याच हिवाळ्यात दादाने पुण्यात शिकणाऱ्या आमच्या भाच्यासाठी दीडशे सीसीची एक जुनी गाडी घेतली. सिंगल हँड, इंजिन न खोललेलं, कागद स्वच्छ, विकणारा देवमाणूस. नंबर एमएच झिरो नाइन. कोल्हापूरची गाडी, पुराला चार महिने झालेले, आणि आमच्यासारख्या सांगलीच्या माणसांना समोरची नंबर प्लेट वाचता आली नाही. मार्चमध्ये लॉकडाऊन लागायच्या दोन दिवस आधी भाचा तीच गाडी घेऊन घरी आला. वाटेत हेडलाइट दोनदा गेला, हॉर्न आपोआप वाजायला लागला. मिस्त्रींनी हेडलाइटची काच उतरवली, वायरींचा झुबका बाहेर ओढला आणि आतल्या वाटीत बोट फिरवलं. बारीक, मऊ, राखाडी गाळ. वाळून त्याला भेगा पडलेल्या. त्यांनी तो चिमटीत धरला आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "ह्यो आपला न्हाई. पंचगंगेचा हाय."

हा विनोद आमच्या घरात अजून चालतो. गाडी नाही चालली. वर्षभरात वायरिंग बदललं, मग पेट्रोल पंप, मग बेअरिंगं, आणि शेवटी दादाने ती कुणाला कितीला दिली हे त्याने कधी सांगितलं नाही. पुराचं सांगून दिली का, तेही नाही.

तेव्हा दादाचं म्हणणं असं की खोट्या स्वच्छ कागदापेक्षा खरा डागी कागद बरा. मलाही तेच ऐकायचं होतं.

विमा एजंटला फोन केला. तिने आवाज न बदलता सांगितलं की दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा देऊ, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा नाही, एकदा टोटल झालेल्या गाडीची किंमत आम्ही धरणार कशी? हे मला रास्त वाटलं. कर्ज काढायचं नव्हतं, त्यामुळे बँकेचा प्रश्न नव्हता. टेक्सासमध्ये ती रस्त्यावर आणायची तर एक फॉर्म भरायचा, कुठले भाग बदलले, कुठून आणले ते लिहायचं, नेहमीच्या फीवर ६५ डॉलर भरायचे, मग रिबिल्ट सॅल्व्हेज असं लिहिलेलं टायटल मिळतं. गाडी सुरक्षित आहे का हे बघायला मात्र कुणी येणार नव्हतं. १ जानेवारी २०२५ पासून टेक्सासने खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणीच बंद केली आहे. धुराची चाचणी काही मोठ्या काउंट्यांत उरली, पण मोटरसायकलला ती नाही. म्हणजे तपासणारी मी. आणि मला तपासता येतं ते भाजीतलं मीठ.

म्हणून मिस्त्रींना विचारलं. आता सत्तरीला आलेत, दुकान मुलगा बघतो. ते म्हणाले, "व्हिडिओ लावा की. इथनं बघतो."

शनिवारी सकाळी मी ड्युरंटला गेले. गाव ओक्लाहोमात, नदी ओलांडून थोडं पुढे. चोक्टॉ या मूळ अमेरिकन जमातीचं मोठं कॅसिनो आहे तिथे, ते ओलांडलं की मोकळी कुरणं. विकणारा साठी उलटलेला, उंच, पाठीत थोडा वाकलेला, प्रत्येक वाक्यानंतर मॅम म्हणणारा. निवृत्त झाल्यावर लिलावातून पडलेल्या मोटरसायकली घ्यायच्या, उभ्या करायच्या, विकायच्या, हा त्याचा उद्योग. गॅरेज आमच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ.

त्याने आधी फाइल दिली. लिलावाच्या वेळचे फोटो, बदललेल्या भागांची बिलं, सगळं प्लास्टिकच्या पाकिटात, तारखेनुसार. पार्किंगमध्ये उभी असताना मागे येणाऱ्या पिकअपने पाडली, असं त्याला सांगितलं गेलं होतं. टाकी, हँडल, उजवा सायलेन्सर, उजवा फुटरेस्ट, हेडलाइट. आणि मग त्याने वरच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे जुनी टाकी होती.

केशरी रंगाची. नवी बसवलेली काळी होती, म्हणून मला गाडी मुळात केशरी असल्याचं माहीत नव्हतं. त्याने टाकी उतरवून माझ्या हातात दिली. उजव्या बाजूला, गुडघा टेकतो त्या जागेच्या जरा पुढे, पोचा. माझी मूठ त्यात बसली. कडेने रंगाला कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा गेल्या होत्या, पण पत्रा फाटला नव्हता. रिकामी टाकी हातात धरली की घंटेसारखी वाजते. मी दोनदा टिचकी मारली, पोच्यावर आणि पोच्याशेजारी. आवाज वेगळा.

ठेवली कशाला, मी विचारलं. तो म्हणाला, लोक विचारतात काय झालं होतं, तोंडाने सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं.

मी त्याच क्षणी गाडी मनातल्या मनात घेतली होती. पंचगंगेच्या गाळानंतर अशी टाकी हातात येणं म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार.

सांगलीत तेव्हा रात्रीचे नऊ वाजत आले होते. मिस्त्री बनियनवर, मागे टीव्ही चालू. त्यांनी नमस्कार-चमत्कार केला नाही. "ताई, आधी नंबर." गाडीचा नंबर हँडलच्या खाली, जिथे चासीचा गळा असतो, तिथे ठोकलेला. मी कागदाशी अक्षर अक्षर ताडून पाहिलं. पहिली दोन अक्षरं एम आणि ई, म्हणजे भारतात बनलेली. तमिळनाडूतून निघून ओक्लाहोमात पडलेली गाडी आणि तिला तपासणारा माणूस सांगलीत.

"चाक फिरवा. आऊट हाय का बघा." पुढचं चाक उचलून फिरवलं, सरळ होतं. "शॉकप दाबा. ऑईल येतंय का?" नाही. "हँडल हळू डाव्या-उजव्या अंगाला न्या, मधी कुठं अडकल्यागत होतं का?" नाही. त्याने, म्हणजे ड्युरंटच्या म्हाताऱ्याने, न सांगता एक दोरीचं रीळ आणून दिलं. दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दोरी ताणून धरली, गवंडी भिंतीला लावतो तशी. चाकं एका रेषेत. मिस्त्री स्क्रीनवरून त्याला बघत होते. म्हणाले, "कारागीर हाय."

"आता हँडल फुल्ल उजवीकडं लॉक करा आन् खाली टॉर्च मारा. तिथं लोखंडाचा ठोका असतो बघा, हँडल जास्त वळू नये म्हणून."

ही गोष्ट मला त्या दिवशी कळली. बहुतेक मोटरसायकलींना गळ्यापाशी असे दोन लहान ठोके असतात. पुढून किंवा बाजूने जोराचा मार बसला की हँडल गर्रकन वळतं आणि पुढच्या शॉकपची पट्टी जाऊन ठोक्यावर आदळते. टाकी बदलता येते, हँडल बदलता येतं. ठोका चासीचाच. तो सपाट झाला असेल, त्यावर घाव असेल, तर मार गळ्यापर्यंत गेला होता असं समजायचं.

डावा ठोका मळलेला, मूळ रंगाचा. उजवा काळाकुळकुळीत. नवा रंग, जरा जाडच, खाली एक थेंब ओघळून सुकलेला.

मिस्त्री काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नखानं खरवडा."

म्हाताऱ्याकडे न बघता मी खरवडलं. रंगाचा पापुद्रा निघाला. खाली ठोक्याची कड चेपलेली, चांदीसारखी चमकणारी, तांदळाच्या दाण्याएवढी. जोड शाबूत दिसत होता, तडा नव्हता.

मी विचारलं, हा रंग? तो म्हणाला, गळ्यापाशी घासलं होतं तिथे सगळीकडे हात मारला, गंजू नये म्हणून. आवाजात काही बदल नव्हता. खरंच असेल. गळ्याच्या मागच्या बाजूलाही त्याने दोन ठिकाणी रंग लावलेला होता, मी नंतर पाहिलं. आणि उभी गाडी पडतानासुद्धा हँडल वळून ठोक्यावर बसू शकतंच की. पण फाइलमध्ये सायलेन्सरच्या क्लॅम्पचंही बिल होतं. या दाण्याचा फोटो नव्हता.

"चालवून बघा," मिस्त्री म्हणाले. इथेच घोडं अडलं. सॅल्व्हेज टायटलवरची गाडी रिबिल्ट होईपर्यंत रस्त्यावर नेता येत नाही. त्याच्या घरापासून फाटकापर्यंत खडीची वाट होती, फार तर दोनशे यार्ड. तिथे मी सहा खेपा मारल्या. गाडी सुंदर. दोन सिलिंडरचा तो भरलेला, जरासा अडखळता आवाज, बसायची जागा जणू माझ्या मापाची. वीसच्या वेगाला हँडलवरची पकड सैल सोडून पाहिली, सरळ गेली. साठला काय करेल? ते कळायला आधी विकत घ्यायला हवी, फॉर्म भरायला हवा, टायटल यायला हवं. आणि मग हायवेवर, माझ्यासारख्या नवख्या बाईने, एकटीने, ते शोधून काढायचं.

फाटकापाशी गाडी उभी करून मी बराच वेळ कुंपणापलीकडच्या गाईंकडे बघत बसले. सोळाशे डॉलर वाचत होते. ते मिळत होते ते याच प्रश्नाचे पैसे म्हणून, हे मला आधीपासून माहीत होतं. मी विकत घ्यायला आले होते तो त्याचा खरेपणा, आणि तांदळाच्या दाण्याएवढा कमी पडला.

मी नाही म्हटलं. त्याने हात मिळवला, मॅम म्हणाला, कारण विचारलं नाही. मी टाकी उचलून फळीवर ठेवायला गेले तर तो म्हणाला, राहू दे, पुढच्या माणसाला लागेल.

पुलावर येईपर्यंत मला स्वतःचा अभिमान वाटत होता. घरी पोचेपर्यंत तो उतरला. नवऱ्याने चहा ठेवला आणि कधी नव्हे ते काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींचा फोन आला.

"घेतली का, ताई?"

"नाही."

"का? कमी करत नव्हता?"

मी म्हटलं, विचारलंच नाही.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते हसले, खोकला येईपर्यंत हसले. "अवो, तेवढ्यासाठी तर नखानं खरवडायला लावलं. दोनशे तरी पाडून घ्यायचे होते. तेवढ्या घावानं काय होतंय? मी तर घेतली असती."

"आणि त्याने वरून रंग लावला होता, त्याचं काय?"

"रंग व्हय," मिस्त्री म्हणाले, "मी पण लावला असता."